टीएमटीला उपाशी जायचं का, आणि बीपीची गोळी बंद करायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमचे मामंजी ६४ वर्षांचे, खानापूर तालुक्यातले शेतकरी. शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. महिन्याभरापासून शेताकडचा चढ चढताना छातीत दडपल्यासारखं होतं, थांबलं की दोन मिनिटांत उतरतं. बेळगावच्या डॉक्टरांनी येत्या मंगळवारी रक्त, ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढायचा ईसीजी) सांगितली आहे, आणि ‘लागली तर पुढे अँजिओग्राफी’ (डाय टाकून हृदयाच्या नळ्या बघणं) असंही म्हणालेत. शेजारी सांगतात उपाशीच जा. मेडिकलवाला सांगतो बीपीची गोळी दोन दिवस आधी बंद करा. चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मी बेळगावात हृदयरोग विभागात २३ वर्षं नर्स आहे. पहिली सात वर्षं आयसीयूत गेली, बाकीची टीएमटी-इकोच्या खोलीत आणि कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, दाराशी, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला तयार करण्यात. त्यामुळे तुमचा गोंधळ मला नवा नाही. चार तपासण्या एकाच दिवशी आहेत आणि चारींची गरज वेगळी आहे, तिथे खरी अडचण आहे. एकीला पोट रिकामं लागतं, एकीला पोटात थोडं काहीतरी लागतं, दोघींना कसंही चालतं. त्यात एखादी गोळी अशी असते की ती एका तपासणीत आडवी येते, आणि आपल्याच मनाने बंद केली तर माणसाच्या जिवाशी येते. म्हणून ‘उपाशी जा’ आणि ‘गोळी बंद करा’ हे दोन्ही सल्ले असे सरसकट घेऊ नका.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. मंगळवारपर्यंतच्या दिवसांत मामंजींना बसल्याजागी दडपण आलं, झोपेतून जाग आली, पूर्वीपेक्षा कमी चालण्यात व्हायला लागलं, किंवा दहा-पंधरा मिनिटं झाली तरी उतरत नाही आणि घाम फुटलाय, तर मंगळवारची तारीख विसरा. १०८ ला फोन करा आणि जवळचं तालुका रुग्णालय गाठा. शुगरच्या माणसाला छातीत दुखेलच असं नाही. कधी नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा हात भरून येतो, आणि घरात सगळे ‘पित्त झालंय, सोडा द्या’ म्हणत बसतात. तिथे बसून राहू नका. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला, ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा आपल्या कर्नाटकात लोकांनी तपासणीसाठी दवाखान्यांत रांगा लावल्या होत्या. पुढे त्यांच्याच नावाने सरकारने हृदयज्योती योजना काढली. तिच्यात तालुका पातळीवर ईसीजी काढून तो मोठ्या रुग्णालयाला दाखवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देतात. म्हणून अशा वेळी थेट बेळगाव गाठण्याच्या नादात तास घालवू नका, ईसीजी जवळच निघू द्या.

आता मंगळवार.

सोमवारी रात्री आठच्या सुमारास नेहमीचं जेवण, नेहमीच्या गोळ्या. त्यानंतर फक्त पाणी. उपाशीपोटीच्या शुगरला आठ तास पोट रिकामं लागतं, कोलेस्टेरॉलला नऊ ते बारा तास सांगतात. कोलेस्टेरॉल जेवून केलेलंही आता पुष्कळ डॉक्टर चालवून घेतात, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले असतील तर उपाशीच करावं लागतं. तुमच्याकडे शुगर करायचीच आहे, तेव्हा दोन्ही एकदमच होऊ द्या. साधं पाणी मात्र सकाळी उठल्यावरसुद्धा प्यायचं. ‘सिस्टर, थेंबभर पाणी घेतलं नाही बघा’ असं कौतुकाने सांगणारी माणसं रोज येतात, आणि त्यांची शीर सापडायला आम्हाला दोन-तीन वेळा टोचावं लागतं. चहा मात्र नाही, बिनसाखरेचासुद्धा नाही.

सकाळच्या पहिल्या बसने निघालात तर आठच्या आत रक्त देऊन मोकळे व्हाल. रक्त दिलं की उपास संपला. लगेच कँटीनमध्ये दोन इडल्या किंवा वाटीभर उप्पीट, आणि शुगरची सकाळची गोळी त्या खाण्याबरोबर. घरून निघताना रिकाम्या पोटी ती गोळी द्यायची नाही, पिशवीत घालून आणायची. बीपीची गोळी पाण्याबरोबर पहाटे घेतली तरी चालते, पण तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, ते वाचल्याशिवाय ठरवू नका. खाल्ल्यावर दोन तासांनी शुगरचं दुसरं रक्त असेल. त्या मधल्या वेळात ईसीजी आणि इको होतात. टीएमटी सगळ्यांत शेवटी, खाऊन दोन-तीन तास झाल्यावर. त्यानंतरच पोटभर जेवण.

हा क्रम नुसता सोयीचा नाही. पट्ट्यावर चढवण्याआधी डॉक्टर ईसीजी आणि इको बघतात, कारण त्यात काही निघालं तर टीएमटी करायचीच नसते. मुख्य झडप खूप आकसली असेल, ताजा झटका येऊन गेल्याची खूण असेल, बीपी फारच चढलं असेल, तर माणसाला पळवणं धोक्याचं. ईसीजीत मुळातच काही विशिष्ट बदल असतील तर टीएमटीचा निकाल वाचताच येत नाही, मग दुसरी तपासणी निवडावी लागते. त्यामुळे कुणी गर्दी बघून ‘टीएमटीचा नंबर रिकामा आहे, आधी ती करून घ्या’ म्हणालं तर नम्रपणे सांगा, आधी इको होऊ दे.

खानापुरातच सोमवारी सकाळी रक्त देता आलं तर आणखी बरं. मग मंगळवारी उपाशी राहायचं कारणच उरत नाही. घरूनच हलकं खाऊन, नेहमीची शुगरची गोळी घेऊन निघा. डॉक्टरांना तिथल्या लॅबचा रिपोर्ट चालतो का, एवढं फोनवर विचारा.

मी उपाशीपणावर इतकी का अडून आहे, ते सांगते. मी नवी होते तेव्हा निपाणीकडचे एक गृहस्थ टीएमटीला आले. फोनवर कुणीतरी ‘रिकाम्या पोटी या’ एवढंच सांगितलं होतं. ते रात्री सातला जेवलेले, सकाळी इमानेइतबारे शुगरची गोळी घेतलेली, आणि नंबर लागला साडेनऊला. दुसऱ्या टप्प्यावर पट्टा वेग घेतो न घेतो तोच ते पांढरेफटक पडले. शर्ट घामाने चिंब, हात थरथरायला लागले. आम्ही धावलो, पट्टा थांबवला, सगळ्यांना वाटलं झटकाच आला. मॉनिटरवर तसं काही दिसेना. बोटातून शुगर बघितली तर ५२. साखरेचं पाणी दिलं, अर्ध्या तासात माणूस बोलायला लागला. पण त्या दोन मिनिटांत दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचा चेहरा मी विसरलेले नाही. उपाशी या म्हणून सांगणारा माणूस आमच्याच काउंटरवरचा होता, आणि पट्ट्यावर चढवण्याआधी मीही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दोन गोष्टी विचारते: काय खाल्लं आणि कधी खाल्लं.

मामंजी माळकरी असतील तर पंचांग बघून घ्या. मंगळवारी एकादशी असेल तर तारीख बदलून मागा, त्यात संकोच नको. एकादशीला साबुदाण्याचे चार घास खाऊन आलेली शुगरची माणसं पट्ट्यावर चढवायला मला आवडत नाही, आणि त्यांना उपास मोडायला लावायलाही आवडत नाही.

आता गोळ्यांकडे येऊ. मेडिकलवाल्याने सांगितलं ते पूर्ण खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि ते सांगणं त्याचं काम नाही.

टीएमटीत आम्ही हृदयाचे ठोके एका ठरावीक आकड्यापर्यंत नेतो. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के. मामंजींचे १५६ चे ८५ टक्के, म्हणजे साधारण १३३. तिथपर्यंत जाताना ईसीजीत बदल होतात का, दडपण येतं का, ते बघायचं. बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्यांमध्ये एक जात अशी आहे की ती ठोके वाढूच देत नाही. पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते ‘लॉल’ने संपत असेल, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, तर ती या जातीतली. ती घेऊन माणूस चढला तर ठोके ११० वर अडतात, पाय थकतात, आणि रिपोर्टवर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून येतं. डिल्टियाझेम आणि वेरापामिल या गोळ्याही ठोके कमी ठेवतात.

मग बंद करायची का? तपासणी कशासाठी आहे, त्यावर ते ठरतं. आजार आहे की नाही हे शोधायचं असेल तर डॉक्टर बहुधा ही गोळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. आजार आहे हे माहीत असून औषध पुरेसं लागू पडतंय का हे बघायचं असेल तर गोळी चालू ठेवूनच करतात. आणि ज्याला चढावर दडपण येतंय अशा माणसाची ही गोळी एकदम तोडली तर ठोके आणि बीपी उसळून वर येतात, छातीत दुखणं वाढतं, क्वचित झटकाही येतो. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा: ‘ही तपासणी गोळ्या चालू ठेवून करायची की बंद करून, आणि बंद करायची तर नेमकी कोणती, किती दिवस?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. डॉक्टर भेटत नसतील तर ज्या खोलीत टीएमटी होणार तिथे फोन लावा. आम्ही डॉक्टरांना विचारून सांगतो, ते आमचं कामच आहे. उत्तर मिळालं नाही तर काही बंद करू नका. तपासणी फुकट गेली तर पुन्हा करता येते.

यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे जोडगोळ्या. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकाच गोळीत मिळतात. ती थांबवली की बीपीची दोन्ही औषधं एकदम थांबतात, हे डॉक्टरांना आठवण करून द्या, ते मधल्या दिवसांपुरती वेगळी गोळी देतील. दुसरं म्हणजे पुढे गेलेली तारीख. चंदगडकडच्या एक मावशी होत्या. दोन दिवस गोळी बंद करा म्हणून सांगितलं, त्यांनी केली. मग मशीन बिघडलं, तारीख तीन दिवस पुढे गेली, आणि गोळी पुन्हा सुरू करा हे कुणीच सांगितलं नाही. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा बीपी १९० वर ११०, बसल्याबसल्या ठोके १२०. टीएमटी राहिली बाजूला, त्यांना दाखल करावं लागलं. तारीख पुढे गेली तर गोळी त्याच संध्याकाळी सुरू करायची का, हे लगेच विचारा. आणि टीएमटी झाल्यावर कधी सुरू करायची, हेही.

अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर या चार तपासण्यांसाठी ती थांबवायचं कारण नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती खिशात हवीच. ती द्यायची वेळ आली तर आधी बसवून मग द्या, उभ्या माणसाला दिली तर चक्कर येऊन पडतो. एक गोष्ट नाजूक आहे, सून म्हणून तुम्हाला विचारता येणार नाही, तेव्हा तुमच्या यजमानांना मामंजींशी बोलायला सांगा: लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी ते घेत असतील तर डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तिच्यावर सॉर्बिट्रेट पडली तर बीपी धाडकन खाली येतं.

शेजाऱ्याचा सल्ला का चालत नाही, याचं एक उदाहरण देते. हृदयाच्या नळ्यांचं सीटी स्कॅन करतात, सीटी अँजिओ म्हणतात त्याला. तिथे चित्र स्पष्ट यायला ठोके साठ-पासष्टच्या खाली लागतात, म्हणून तीच ‘लॉल’वाली गोळी तपासणीआधी मुद्दाम देतात. शेजारी टीएमटीला गेला असेल तर म्हणेल बंद करा, सीटीला गेला असेल तर म्हणेल घ्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तसंच थॅलियम स्कॅनचं, म्हणजे हृदयाला रक्त कुठे कमी पोचतं ते बघायच्या तपासणीचं. तिथे औषधाने ताण देणार असतील तर चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद ठेवावी लागते, कारण ते औषध चहा-कॉफीने निकामी होतं.

टीएमटीच्या खोलीत काय होतं ते मामंजींना आधी सांगून ठेवा. छातीवर वायर लावतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावतात. बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात, १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी मांडलेली. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग तीन मिनिटं ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ, असं वाढत जातं. खानापूरकडच्या माणसाला चढाचं काही वाटत नाही. त्याला धास्ती असते ती पायाखालची जमीन सरकते त्याची. तो खाली पायांकडे बघतो आणि दांडा घट्ट धरून लोंबकळतो. दांड्यावर भार टाकला की हृदयावर ताणच येत नाही. समोर भिंतीकडे बघायचं, बोटं दांड्यावर नुसती टेकवायची, पावलं लांब टाकायची.

धोतरावर येऊ देऊ नका, पायजमा किंवा पँट घाला. पायात सवयीचे कॅनव्हासचे बूट असतील तर उत्तम, त्या दिवसासाठी नवे घेऊ नका, चावतात. बायकांनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा. तपासणीआधी निदान तीन तास तंबाखू, बिडी नको. आपल्या भागात हे मला ठासून सांगावं लागतं. आणि मिसरी हीसुद्धा तंबाखूच. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की आज्या-मावश्या ‘छे छे’ म्हणतात आणि पहाटेच मिसरी लावून आलेल्या असतात, ठोके आधीच चढलेले. आता मी थेट ‘आज मिसरी लावली का’ असंच विचारते.

आणि मामंजींना हे मनापासून सांगा, की तिथे पास व्हायचं नाहीये. म्हातारी माणसं दडपण आलं तरी दात आवळून चालत राहतात, पोरांच्या समोर कमी दिसायला नको म्हणून. डॉक्टरांना तर तेच कळायला हवं असतं, की किती मिनिटांवर, किती ठोक्यांवर दडपण सुरू झालं. आलं की लगेच बोलायचं. गुडघे दुखत असतील तर तेही आधीच सांगायचं. चालता न येणाऱ्यांसाठी औषधाने ठोके वाढवून इको करता येतो.

ईसीजीला खाण्यापिण्याचं बंधन नाही. अंघोळ करून या आणि नंतर छातीला तेल, बाम, पावडर काही लावू नका, चिकटवलेले सेन्सर सरकतात. छातीवर दाट केस असतील तर तिथले थोडे काढावे लागतात. तुळशीची माळ काढायला कुणी सांगणार नाही, मानेकडे सरकवली की झालं. कुणाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, तेही आम्ही खांद्याकडे घेतो. पावसाळा असेल तर कोरडा सदरा आणि टॉवेल पिशवीत घाला. जुलैत भिजून, कुडकुडत आलेल्या माणसाचा ईसीजी असा थरथरतो की ठोके बिघडल्यासारखे दिसतात. मी आधी त्याला पुसून, चादर गुंडाळून दहा मिनिटं बसवते, मगच काढते. आणि एक लक्षात असू द्या, ईसीजी म्हणजे पडल्यापडल्या घेतलेली दहा सेकंदांची नोंद. तो नॉर्मल आला म्हणून ‘काही नाही, चला घरी’ असं ठरवू नका. मामंजींचं दडपण चढावर येतं, खाटेवर नाही, म्हणूनच टीएमटी सांगितली आहे.

इकोची तयारी काहीच नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, गार जेल लावतात, वीसेक मिनिटं लागतात. रिपोर्टवर ईएफ म्हणून टक्के असतात. ५५ ते ७० म्हणजे चांगलं. ‘६०च टक्के’ वाचून कुणी घाबरू नका, निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला साठलेल्या रक्तातलं साधारण तेवढंच बाहेर टाकतं. आणि इकोत झडपा आणि पंपिंग दिसतं, नळ्यांमधला अडथळा थेट दिसत नाही.

अँजिओग्राफी लागली तर ती वेगळ्या दिवशी असेल आणि तिथली तयारी खरोखर कडक असते. साधारण सहा तास खाणं बंद, पाण्याचं ते सांगतील. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात, कारण नळ्या दिसाव्यात म्हणून जो डाय टाकतात तो किडनीवाटे बाहेर पडतो. मामंजी शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ती थांबवायची का आणि परत कधी सुरू करायची, हे त्या क्रिएटिनिनवर ठरतं. पूर्वी डायची किंवा कुठल्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन चालू असेल, तर दाखल होण्याआधीच सांगा. अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात.

सुई आता बहुधा मनगटातून घालतात. बायकांच्या बाबतीत तिथे बांगड्यांचा प्रश्न येतो. गेल्या वर्षी एक आजी काही केल्या हिरवा चुडा काढेनात, नवरा बाहेर बसलेला आणि बांगड्या उतरायच्या म्हणजे अपशकुन. मी त्यांना म्हटलं, आजी, उजव्या हातातल्या तेवढ्या काढू, डाव्यातल्या असू देत. काढलेल्या बांगड्या त्यांच्याच पदराच्या गाठीला बांधून दिल्या आणि आजोबांच्या हातात दिल्या. मग शांतपणे आत गेल्या. तुमच्या मामंजींना हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्या पुष्कळ जणींच्या सासवा-आया असतील. गळ्यातली साखळी मात्र काढावी लागते, ती चित्रात हृदयावरच येते.

घरात बसून आधी बोलायची गोष्ट वेगळीच आहे. अँजिओग्राफी म्हणजे फक्त बघणं, वीस-तीस मिनिटांचं काम. पण बऱ्याचदा आतून निरोप येतो, ‘ब्लॉक आहे, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) आत्ताच टाकू का?’ आणि दाराशी उभी असलेली सून किंवा मुलगा पुण्याला, गोव्याला फोन लावत सुटतात. कधी लगेच टाकणं खरंच शहाणपणाचं असतं. कधी थांबून विचार करायला, बायपासचा पर्याय बघायला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ असतो. हे ब्लॉक कुठे आणि किती, त्यावर आहे, मी इथून सांगू शकत नाही. पण आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा, तसं निघालं तर तुम्ही काय करणार, थांबता येईल का, खर्च किती, सरकारी योजनेत बसेल का. आरोग्य कर्नाटक योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, ते आधी काढून ठेवा. चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांचं कार्ड महाराष्ट्राचं, त्यांनी कुठलं चालतं हे फोनवर विचारूनच निघावं.

भाषेचंही सांगते. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. मराठीत समजावून सांगा म्हणा, कळल्याशिवाय सही करू नका. आमच्यात मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच. तरी मामंजींना तीन शब्द शिकवून ठेवा, कारण यंत्राजवळचा माणूस सवयीने कन्नडमध्येच बोलून जातो: ‘उसिरु तगोळ्री’ म्हणजे श्वास घ्या, ‘हिडीरी’ म्हणजे धरा, ‘बिडरी’ म्हणजे सोडा. आणि छातीत दुखायला लागलं तर ‘एदे नोवु’.

पिशवीत काय घालायचं? सगळ्या गोळ्या त्यांच्या पट्ट्यांसकट, ‘एक पांढरी, एक गुलाबी’ असं सांगून आम्हाला काही कळत नाही. आयुर्वेदिक पुड्या, काढे घेत असतील तर तेही. जुने रिपोर्ट, आणि त्यातही जुना ईसीजी सगळ्यांत महत्त्वाचा. एखादी खूण दहा वर्षांपूर्वीची आहे की कालची, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांनासुद्धा ओळखता येत नाही. नसेल तर मंगळवारी निघेल तो पहिला समजा. ईसीजीचा कागद वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो, म्हणून त्याच दिवशी उजेडात त्याचा फोटो काढा, एक तुमच्या फोनमध्ये आणि एक मामंजींच्या. उद्या रात्री-अपरात्री तालुक्याच्या डॉक्टरांपुढे जायची वेळ आली तर आधी तो फोटो त्यांच्या हातात द्या.